भर उन्हात मुद्दाम थांबवलेली गाडी

आई,

आज नातीला आणायला विमानतळावर निघाले होते, ती हेब्बाळवरून गेले. पुलावर गाड्यांची अशी रांग लागली होती, की आमची टॅक्सी बराच वेळ एकाच जागी उभी राहिली आणि मला खाली तळ्याचा एक तुकडा दिसत राहिला. तू बघितलेलं तळं हेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तो बांध नाही, बांधावर म्हशी धुणारी माणसं नाहीत, शहाळीवाले नाहीत. पण मला राहवेना. मी ड्रायव्हरला सांगूनच टाकलं, की इथं माझ्या आईनं एकदा भर उन्हात चालती गाडी मुद्दाम बंद केली होती. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "मुद्दाम? कशाला, अम्मा?" मी म्हटलं, "पुन्हा सुरू होते हे दाखवायला." त्याच्या गाडीला किल्लीसुद्धा नाही, बटण दाबलं की झालं. त्यात दाखवण्यासारखं काय, ते त्याला कळेना. मग मी तो नाद सोडला आणि रात्रीचं जेवण उरकायच्या आधीच तुला लिहायला घेतलं. तुला सगळं माहीत आहे हे खरं, पण तू ही गोष्ट सांगायचीस तेव्हा दर वेळी ती थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर हेब्बाळच्या बांधावर निम्मं बंगळूर जमलं होतं. मला ती एकदा जशी घडली तशी लिहायची आहे.

आपली ती काळी गाडी. कायमचा मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून अण्णांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. तिचं एक दार सैल होतं, वायपर आठवण झाली तर चालायचा आणि पेट्रोलचा काटा तर आपल्या घरी यायच्या आधीच मेला होता. त्यामुळं मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवून काढायचं, लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते बघायचं. हे काम माझं. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते आणि त्याचा मला भलता ताठा होता, पण घरात त्या विद्येचा उपयोग एवढाच. मग अण्णा सायकलवरून पडले, मनगटाचं हाड वाकडं जुळलं आणि ते जड स्टिअरिंग त्यांना वळवेना. गाडी विकायचं त्यांच्या मनात घोळायला लागलं. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं न थांबवता म्हणालीस, "विकताय कशाला? मी शिकतो की." बेळगावच्या बायका बोलतात तसं बोलायचीस तू, 'मी जातो, मी करतो', आणि पुण्याच्या आमच्या घराण्यात त्याची पुष्कळ थट्टा व्हायची. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. महिन्याभरात तू अण्णांना कारखान्याच्या फाटकावर सोडायला लागलीस, आणि मल्लेश्वरमच्या आपल्या गल्लीतली पोरं गाडी दिसली की "अक्का बंदरु, अक्का बंदरु", अक्का आल्या, असं ओरडत बाजूला व्हायला लागली.

पण गाडी तुला खरी हवी होती ती देवनहळ्ळीच्या मावशीसाठी. तुझी थोरली बहीण, मास्तरांची विधवा, किल्ल्याच्या वेशीजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. पाय गेले होते तिचे. रोजचं शेजारीण बघायची, पण दर गुरुवारी तू तिला न्हाऊ घालायला जायचीस, आणि न्हाणं झालं की तू आणि मी मिळून तिला उचलून गाडीत बसवायचो आणि किल्ल्याला एक फेरी मारायचो. आठवडाभरात घराबाहेरचं जग तिला तेवढंच. त्या एका फेरीत ती काय काय बघून घ्यायची! कुणाचं घर शाकारलं, चकोत्याच्या बागेत फळ धरलं का, कुणाच्या दारात नवी सून रांगोळी घालते. पुढचा गुरुवार येईपर्यंत ती त्यावर बोलत बसायची. एरवी तिच्यासमोर खाटेवरून दिसणारी भिंत होती. हे तू कधी रडून सांगितलं नाहीस, पण गुरुवारी तू किती लवकर उठायचीस ते मी बघत होते.

आणि त्या उन्हाळ्यात गाडीनं असहकार पुकारला. सकाळी गारव्यात एका ओढीत सुरू व्हायची. पण चांगली धावून आली, उन्हात थोडी उभी राहिली आणि पुन्हा स्टार्टरची खुंटी ओढली, की कण्हायची, एक उचकी द्यायची आणि गप्प. तासभर सावलीत ठेवली की पुन्हा जणू काही झालंच नाही. नेमके तेव्हाच पुण्याहून काका आले. अण्णांचे थोरले भाऊ, घराण्याचा शेवटचा शब्द. त्यांना किल्ला दाखवून परत येताना तू हौसेनं तळं दाखवायला हेब्बाळच्या बांधावर थांबलीस, आणि गाडीनं तिथंच मान टाकली. टळटळीत दुपार. म्हशी धुणारी माणसं धावत आली, "तळ्ळी, तळ्ळी" म्हणत ढकलायला लागली, आणि अण्णांचा हात अधू म्हणून काकांनाही कोट काढून धक्का मारावा लागला. त्यांची काळी टोपी पडली ती नेमकी म्हशीनं केलेल्या चिखलात. मला हसू आलं. तुला आलं नाही, कारण तुला पुढचं दिसत होतं.

ते संध्याकाळी आलंच. काका झोपाळ्यावर, अण्णा वर्तमानपत्रामागं, तू स्वयंपाकघराच्या दारात आणि मी मधोमध. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही हा आपल्या घरचा रिवाज. तुमचं लग्न झाल्यापासून काकांनी तुझ्याशी एक वाक्य सरळ बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. सगळं माझ्यामार्फत चालायचं, मी म्हणजे टपालखातं. "तुझ्या आईला सांग," काका म्हणाले, "ही गाडी आता गेली पाहिजे. छावणीत माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याशी बोललोय मी. सोमवारी त्यांचा माणूस येईल न्यायला." तू चार पावलांवर उभी होतीस, तुला सगळं ऐकू येत होतं. तरी मी तुझ्याकडं वळले. तू म्हणालीस, "काकांना विचार, मग माझ्या अक्काला घराबाहेर कोण काढणार?" काका म्हणाले, "तिला सांग, बस आहे." तू म्हणालीस, "विचार त्यांना, अक्काला उचलून बसमध्ये चढवायला ते येणार काय?" मग काकांनी ठेवणीतलं काढलं. "बाईमाणसानं भर रस्त्यात असा तमाशा करत उभं राहणं शोभत नाही म्हणावं." वर्तमानपत्र हललंसुद्धा नाही. अण्णांचा मला इतका राग आला होता, की ते वर्तमानपत्र ओढून फाडावंसं वाटलं. थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं नसतं हे त्यांच्या रक्तातच होतं. आज मला त्यांची थोडी कीव येते, पण रागही पुरता गेलेला नाही.

तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "सांग काकांना. रविवारी भर दुपारी मी त्यांना ह्याच गाडीतून देवनहळ्ळीला नेऊन आणतो. वाटेत एकदा जरी धक्का मारायची पाळी आली, तर किल्ली मी स्वतः त्यांच्या हातात देतो. आणि आली नाही, तर सोमवारचा माणूस गेटातून परत." काका म्हणाले, "कबूल म्हणावं." गाडीला काय झालंय हे तुला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, अण्णांना नव्हतं, आणि तू पैज लावून मोकळी! आत आल्यावर मी तुला म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण झालं. तू म्हणालीस, "झालं तर झालं. आता कढीला फोडणी दे."

अण्णा तोंडानं बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्याबरोबर बाह्या सरसावून गाडीखाली शिरले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. कारखान्यात ते कसलेले इंजिनिअर, पण स्वतःच्या आजारी पोरापुढं डॉक्टरचं व्हावं तसं त्यांचं झालं होतं. एका संध्याकाळी प्लग घासले, पॉईंट घासले, कॉईल नवी घातली, कार्ब्युरेटर खोलून धुतला. संध्याकाळच्या वाऱ्यात गाडी छान सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या फाटकावर पुन्हा उचकी आणि गप्प. गॅरेजवाला म्हणाला, जुन्या गाड्यांचं हे असंच असतं, उन्हानं पंपात पेट्रोलची वाफ होते, वर ओलं फडकं ठेवा. ते खोटं नव्हतं. पण तू घरी आल्यावर म्हणालीस, "ऊन गेल्या वर्षी नव्हतं काय?" एवढा साधा प्रश्न आमच्या दोघांच्याही शिकलेल्या डोक्यात आला नव्हता, अण्णांच्या घाईमुळं आणि माझ्या ताठ्यामुळं.

तुझी एक रीत होती. बंगळूरला आल्यावर पहिल्या दिवाळीत तुझ्या चकल्या तेलात विरघळल्या होत्या. मला अगदी पुसट आठवतं, कढईसमोर तू आणि ताटात भुगा. दुसरी कुणी असती तर इथल्या तांदळाला शिव्या घालून मोकळी झाली असती. तू पुढच्या घाण्यात फक्त मोहन कमी केलंस. त्याच्या पुढच्या घाण्यात फक्त पाणी. मग फक्त आच. "एकदम दोन बदललं, तर जमलं तरी कळत नाही गे, कशानं जमलं," असं म्हणायचीस. पुढं मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पोरींच्या पाठीशी उभी राहून हेच सांगितलं, फक्त तुझं 'गे' गाळून. तर त्या शनिवारी अण्णा अर्ध्या दिवसानं घरी आले, काका जेवून घोरायला लागले, आणि तू अण्णांच्या हातातला पाना काढून घेतलास. म्हणालीस, "तुम्ही आता कशाला हात लावू नका. आधी तिला बिघडू दे. दुखणं पाहिजे तेव्हा आणता आलं, तर पाहिजे तेव्हा घालवता येतं."

मग आपण तिघं भर दुपारी यशवंतपूरपर्यंत गेलो, तिथून परत फिरलो आणि गाडी फाटकासमोर उन्हात उभी केली. थोड्या वेळानं तू खुंटी ओढलीस. गाडी कण्हली आणि गप्प. तू चक्क टाळी वाजवलीस. "बिघडली!" पहिल्यांदा पंपावर ओलं फडकं घातलं, थांबलो, ओढली. नाही. फडकं सुकलं, दुसरं घातलं. नाही. अण्णा वैतागून म्हणाले, "अगं, पेट्रोल तरी आहे का बघा आधी." मी मागं जाऊन झाकण फिरवलं, नेहमीसारखा 'सुस्स' असा आवाज आला, पट्टी घातली. टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं. तू ओढलीस आणि इंजिन खणखणीत सुरू झालं. अण्णा म्हणाले, "बघ, फडक्यानं जरा वेळ घेतला इतकंच." तू मात्र खाली उतरून माझ्याकडं आलीस. "तू आत्ता काय केलीस?" मी म्हटलं, काही नाही, पट्टी घातली. "मार्केटात बंद पडली होती तेव्हा?" तेव्हाही पट्टी घातली होती, मग सुरू झाली. "आणि हेब्बाळला?" हेब्बाळला कुणी मला पट्टी घालायला सांगितलंच नाही, सगळे ढकलत होते. मग म्हणालीस, "आणि तो आवाज? सुस्स म्हणतो तो? गेल्या वर्षी यायचा काय?"

नव्हता येत. आई, तो क्षण मला आजही लख्ख आठवतो. कितीतरी महिने तो आवाज माझ्या हाताखाली होत होता आणि मला वाटत होतं, टाक्या सुस्स म्हणतातच. तू मला तिथल्या तिथं निष्कर्ष काढू दिला नाहीस. पुन्हा फेरी, पुन्हा उन्हात उभी, पुन्हा बिघडली. या वेळी फडकं नाही, पट्टी नाही, नुसतं झाकण उघडून लावलं. सुरू. आणखी एक फेरी. झाकणाला हात लावला नाही. नाही सुरू. झाकण उघडलं, सुरू. पेट्रोल जाळून जाळून गल्लीत धूर झाला, शेजारच्या अक्का गच्चीत येऊन बघायला लागल्या. तोवर माझं पदार्थविज्ञान जागं झालं होतं. टाकीतून पेट्रोल जाईल तशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यायला हवी. ती आली नाही, तर आत ओढ तयार होते, टाकी पेट्रोल सोडेनाशी होते, आणि अशा ओढीत तापलेलं पेट्रोल लवकर वाफ होऊन बसतं. गारव्यात पंप कसाबसा ओढून नेतो, उन्हात त्याच्या तोंडी नुसते बुडबुडे येतात. मी हे एका दमात सांगितलं. अण्णा हळूच म्हणाले, "झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं." आणि आपण तिघांनी माझ्या हातातल्या झाकणाकडं बघितलं.

भोक कुठंच दिसेना. दिसत होतं ते तुझं कुंकू. गेल्या खंडेनवमीचं. दरवर्षी तू गाडी धुऊन झेंडूची माळ घालायचीस, चाकांखाली लिंबं ठेवायचीस, आणि बॉनेटला, स्टिअरिंगला नि मागं झाकणाला कुंकू लावायचीस. झाकणाला, कारण तिथून गाडी जेवते. दरवर्षी ते पावसानं चार दिवसांत धुऊन जायचं आणि तुला रुखरुख लागायची. म्हणून त्या वर्षी तू अक्कल लढवलीस. झोपाळ्याला लावून उरलेल्या पॉलिशमध्ये कुंकू कालवलंस, आणि झाकणाच्या मधोमध रुपयाएवढा ठसठशीत टिळा लावलास. तो काचेसारखा वाळला. पाऊस गेला, थंडी गेली, टिळा तसाच. आणि कुंकू पुसायचं नसतं, म्हणून आपण सगळे फडकं त्याच्या भोवतीनं फिरवत होतो. अण्णांनी सगळी गाडी खोलली, पण त्या टिळ्यावरून नख फिरवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मला वाटलं, तू आता मट्कन खाली बसशील. काका आत घोरत होते, उद्या परीक्षा होती आणि दोष तुझ्याच हातचा निघाला होता. तू क्षणभर झाकणाकडं बघितलंस आणि हसत सुटलीस. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अण्णाही हसायला लागले, कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी खिशातला चाकू काढला, तशी तू झाकण हिसकावून घेतलंस. "पुसायचं नाही. कुंकू आहे ते." अण्णा म्हणाले, "अगं, मग भोक मोकळं कसं करायचं?" तू म्हणालीस, "पुसायचं कशाला? टोचतो की." आणि आत जाऊन सुई तापवायला निघालीस. मी किंचाळले. पेट्रोलच्या झाकणाला तापलेली सुई! मग तू पोती शिवायचं दाभण आणलंस, पायरीवर बसलीस, झाकण मांडीवर घेतलंस आणि लहान मुलीचं नाक टोचतात तसं जपून, फुंकर घालत, आतल्या बाजूनं भोकाचा अंदाज घेऊन टिळ्याच्या मधोमध दाभण घुसवलंस. झाकण उजेडाकडं धरलंस. लाल टिळ्यात एक पांढरा ठिपका चमकला. "झालं," तू म्हणालीस, "गाडीचं नाक टोचलं."

रविवारी ऊन असं होतं की डांबर चपलांना चिकटत होतं. काका आणि अण्णा मागं, मी तुझ्या शेजारी पुढं. काका टोपी मांडीवर घेऊन बसले होते, पुन्हा चिखलाची पाळी येणार या तयारीनं. देवनहळ्ळीला मावशीनं तुला बघितलं आणि गुरुवार नसताना कशी आलीस म्हणून आधी घाबरलीच. तिला फेरीसाठी उचलताना दर वेळी तू खांदे धरायचीस आणि मी पाय. त्या दिवशी मी वाकायच्या आत काका पुढं आले आणि त्यांनी तिचे पाय धरले. फार हलकी होती ती तेव्हा. काकांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. किल्ल्याची फेरी झाली, जेवणं झाली, गाडी तेवढा वेळ दारात तापत होती. मावशीची खाट तू दाराकडं वळवून ठेवली होतीस. सगळे बसले. तू खुंटीला हात घातलास आणि मी डोळे मिटले. एका ओढीत, आई! घरातून मावशीच्या टाळ्या ऐकू आल्या.

पैज खरं तर तिथंच जिंकल्यासारखी होती. कुणीही शहाणी बाई मुकाट्यानं घरी आली असती. तू हेब्बाळच्या बांधावर, त्याच जागी, गाडी बाजूला घेतलीस आणि इंजिन बंद केलंस. सावलीचं झाड थोडं पुढं होतं, ते सोडून. मागून आवाज आला, "तुझ्या आईला विचार, इथं का थांबली?" तू म्हणालीस, "सांग काकांना, मला तहान लागली आहे." शहाळी फोडून घेतली. तू एक प्यायलीस, आणखी एक मागितलंस, त्यातली मलई चवीनं खाल्लीस. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. मागच्या वेळची माणसं आपल्याला ओळखून हसत जवळ आली, बाह्या सरसावून. "तळ्ळबेका, अक्का?" ढकलू का म्हणून विचारत होती. तू पदरानं तोंड पुसलंस, आत बसलीस आणि म्हणालीस, "बेडा. नोडि." नको, बघा नुसतं. आणि खुंटी ओढलीस. गाडी अशी सुरू झाली, की जवळची म्हैस बिचकून पाण्यात गेली. माणसांनी हाळी दिली. मीही दिली, कॉलेजात जाणारी शहाणी मुलगी असून, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन. नाकावर टिच्चून म्हणतात ते कसं असतं, हे मी त्या दिवशी बघितलं.

काकांनी पुन्हा मला विचारलं, "तुझ्या आईला विचार, दोष काय होता?" तू 'कचरा होता' म्हणाली असतीस तरी कुणी खोदून विचारलं नसतं. अण्णा तर मागून मला खुणावत होते, नको म्हणून. तू आरशात बघत म्हणालीस, "सांग काकांना. झाकणाचं भोक माझ्याच कुंकवानं बुजलं होतं. बुजवलं मी, आणि शोधून काढलं तेही मीच." मी काही सांगायची गरज नव्हती. काकांचे खांदे हलायला लागले आणि ते असे गदगदून हसले, की टोपी मांडीवरून खाली पडली. हसू ओसरल्यावर ते पुढं झुकले आणि माझ्याकडं न बघता, सरळ तुला म्हणाले, "तुम्ही गाडी फार चांगली चालवता."

मी सवयीनं तुझ्याकडं वळले आणि पुढं पोचवायला काहीच नाही हे माझ्या ध्यानात आलं. तूही सरळ उत्तर दिलंस. "दार नीट ओढून घ्या," तू म्हणालीस. "सैल आहे ते." काकांनी दार ओढून घेतलं. आनंदानं मला रडू फुटलं आणि ते लपवायला मी तळ्याकडं तोंड करून बसले. सोमवारी माणूस आला, तो काकांनीच फाटकातून परत पाठवला. मावशी होती तोवर तिचा एक गुरुवार चुकला नाही. पुढं मावशी गेली, गाडी गेली, अण्णा गेले, आणि मग तूही गेलीस, त्यालाही आता किती काळ लोटला.

कॉलेजात मी पोरींना हवेचा दाब शिकवताना पुस्तक बाजूला ठेवून तुझं झाकण शिकवायची. त्या सगळ्या तुझ्यावर खूश असायच्या, आणि त्यांना वाटायचं, अशा आईची मुलगी म्हणजे आमच्या बाईही गाडी झोकात चालवत असणार. तुलाही तेच वाटायचं. मी माहेरी आले की विचारायचीस, "शिकलीस काय गे?" आणि मी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी कधी शिकलेच नाही. कधी वेळ नाही म्हटलं, कधी रस्त्यावरच्या गर्दीला नावं ठेवली, कधी डोळ्यांना. खरं कारण यातलं एकही नव्हतं. मला गाडी चालवायचीच नव्हती, आई. मला तुझ्या शेजारी बसायचं होतं.